चित्रात समुद्र कुठे आहे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या चित्रकलेवर लिहिताना एक वाक्य हमखास येते: निळा समुद्र, माडांच्या राया, तांबडी माती आणि धो धो पाऊस यांनी इथला चित्रकार घडवला. प्रदर्शनाच्या पत्रिकेत, सत्काराच्या भाषणात, दिवाळी अंकातल्या परिचयात ते इतक्या वेळा येऊन गेले आहे की त्याचा पुरावा कुणी मागत नाही. तो शोधायचा तर चित्रांतच शोधावा लागेल. जिल्ह्याच्या नावावर असलेली महत्त्वाची चित्रे ओळीने मांडून पाहिली तर त्यांत समुद्र जवळजवळ नाहीच. पिंगुळीच्या चित्रकथीत मालवणचा किनारा नाही, सावंतवाडीच्या गंजिफांवर नाही, सावळाराम हळदणकरांच्या सर्वांत गाजलेल्या चित्रात नाही. प्रभाकर कोलते यांच्या कॅनव्हासवर तर कुठला देखावाच नाही.

ही समजूत मुळात कोकणातली नव्हे. कलाकृती म्हणजे माणसाचा वंश, त्याचा भोवताल आणि त्याचा काळ यांचे फळ, असा सिद्धान्त एकोणिसाव्या शतकात इपोलित तेन या फ्रेंच समीक्षकाने मांडला. साहित्याच्या बाबतीत तो थोडाफार पटतो. आरती प्रभू किंवा मंगेश पाडगावकर यांच्या कवितेतला पाऊस वेंगुर्ल्याच्या बाजूचा आहे असे कुणी म्हटले तर वाद घालायचे कारण नाही, कारण कवीची भाषा लहानपणी कानावर पडलेल्या बोलीतून तयार होते. चित्रकाराची भाषा रेषेची आणि रंगाची. ती अंगणात खेळता खेळता येत नाही, कुणाच्या तरी हाताखाली बसून शिकावी लागते. हा फरक न बघता कवीचे माप चित्रकाराला लावले गेले. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यावर या समजुतीला आणखी बळ आले. तेव्हापासून पर्यटनाच्या जाहिरातीला आणि कलेवरच्या लेखाला एकच वाक्य पुरते.

नकाशाही या वाक्याच्या बाजूने साक्ष देत नाही. पिंगुळी कुडाळला लागून, महामार्गावर आहे. सावंतवाडी मोती तलावाच्या काठी, समुद्रापेक्षा सह्याद्रीशी अधिक सलगी असलेली. चित्रपरंपरांची दोन्ही मोठी ठाणी किनाऱ्यापासून आत आहेत. प्रत्यक्ष किनाऱ्यावर राहणाऱ्या गाबित मच्छीमारांना समुद्र भेटतो तो रापणीत, वाऱ्याच्या दिशेत आणि पावसाळ्यातल्या बंदीच्या दिवसांत. त्याच्याकडे देखावा म्हणून बघायला फुरसत लागते, आणि ती नजर या भागात बरीच उशिरा आली.

चित्रकथीपासून सुरुवात करावी, कारण निसर्गाने चित्रकार घडवला असे मानणाऱ्या निसर्गवाद्यांचा सर्वांत मोठा गैरसमज तिच्याविषयीच आहे. पिंगुळीचे ठाकर आदिवासी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले. एका आख्यानाच्या चित्रसंचाला पोथी म्हणतात. पोथीत साधारण ३० ते ५० चित्रे असतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात, त्यामुळे पान जाड होते आणि हातात ताठ उभे राहते. सांगणारा पोथी उभी धरून एकेक पान पुढे करतो आणि त्या पानावरचा प्रसंग गाऊन, बोलून, संवाद म्हणून दाखवतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. आख्याने इंद्रजितवधाची, अहिरावण-महिरावणाची, नंदीपुराणाची. यांत समुद्र आलाच तर तो लंकेच्या वाटेवरचा, वानरांनी दगड टाकून ओलांडलेला. त्याला देवगडची किंवा मालवणची खूण नसते.

युद्धाचे एखादे पान जवळून पाहिले तर चित्रकाराचे लक्ष कुठे होते ते कळते. माणसे एका बाजूने दाखवलेली, नाक टोकदार, डोळा चेहऱ्याच्या मानाने अवाढव्य आणि पूर्ण उघडा. मुकुट, दागिने, वस्त्राचे काठ ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेले. मागे कोरा कागद. क्षितिजाची रेघ नाही, आकाश नाही, ढग नाहीत. झाडाची गरज पडलीच तर एक झाड उभे राहते आणि तेही कुठल्या जातीचे ते ओळखू येत नाही. ज्या माणसाच्या घरामागे फणस, काजू आणि रातांबा होता त्याने चित्रात त्यांतले एकही झाड आणू नये, हा निसर्गप्रेरणेच्या सिद्धान्तासमोरचा फार अवघड प्रश्न आहे. त्याचे उत्तर देवळात आहे. ही चित्रे रात्री, दिव्याच्या उजेडात, समोर दाटीने बसलेल्या गावकऱ्यांना दाखवायची असत. मागच्या रांगेतल्या म्हातारीला राक्षस कोणता आणि देव कोणता हे क्षणात कळले पाहिजे. जाड बाह्यरेषा, मोठा डोळा आणि रिकामी पार्श्वभूमी ही त्या कामाची गरज होती. मागे माडाची राई काढणारा चित्रकथी आपल्याच आख्यानाचा घात करून बसला असता.

बरे, हे आख्यान मनात आले म्हणून लावले जात नसे. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ठाकर कुटुंबांना गावे वाटून दिलेली होती. नवरात्राच्या सुमारास ठरलेल्या गावच्या देवळात ठरलेल्या घराने जाऊन कथा लावायची. तो हक्क होता आणि बांधिलकीही. पोथी फाटली तर नवी करणे भाग, कारण पुढच्या वर्षी देऊळ वाट बघत असणार. प्रेरणा हा शब्द इथे वापरायचाच तर त्याचा अर्थ असा की तिथी ठरलेली होती, गाव ठरलेले होते आणि समोर बसणाऱ्यांना कथा आधीपासून ठाऊक होती.

यावर एक आक्षेप असा येतो की ही आदिवासींची कला आहे, म्हणजे ती मातीतून आपोआप उगवली असणार. वरवर गौरव वाटणाऱ्या या म्हणण्यात शिकण्याचे श्रेय नाकारलेले असते. चित्र दाखवून कथा सांगणारा चित्रकथक हा व्यवसाय चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथाला ठाऊक आहे. पिंगुळीची हीच घराणी कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्याही नाचवतात. चामड्याची बाहुली पडद्यामागून दाखवायची तर ती एका बाजूनेच कापावी लागते. समोरून कापली तर सावलीत चेहराच हरवतो. चित्रकथीतली माणसे त्याच बाजूने उभी आहेत, त्याच टोकदार नाकांनी. या बाहुल्यांची नातीगोती घाटाखाली संपत नाहीत, ती कर्नाटक आणि आंध्रातल्या छायाबाहुल्यांपर्यंत जातात. म्हणजे पिंगुळीच्या चित्रकाराने आपल्या परसाकडे पाहण्यापेक्षा चामड्याच्या बाहुलीकडे आणि बापाच्या पोथीकडे जास्त निरखून पाहिले होते.

भोवतालाचा सिद्धान्त किती पोकळ आहे हे या चित्रांच्या नावावरूनच दिसते. बराच काळ अभ्यासकांच्या लेखनात आणि संग्रहालयांत ही चित्रे ‘पैठणची चित्रे’ म्हणून ओळखली जात, कारण अशा काही पोथ्या पैठणच्या बाजूने संग्राहकांच्या हाती आल्या होत्या. पैठण गोदावरीच्या काठी, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, काळ्या मातीच्या आणि बेताच्या पावसाच्या मुलखात. पुढे पिंगुळीतला जिवंत व्यवसाय आणि तिथल्या पोथ्या अभ्यासकांसमोर आल्या आणि पत्ता बदलला. चित्रे तीच राहिली. चित्रात कोकणचा निसर्ग खरोखर असता तर ती पैठणची म्हणून एक दिवसही खपली नसती.

एवढे मान्य करावे लागेल की चित्रकथीचे रंग पूर्वी माती-दगडापासून आणि झाडपाल्यापासून होत, आणि त्या वस्तू भोवतालातूनच येत. पण गेरूचा तांबडा रंग पायाखाली मिळतो म्हणून त्या रंगाने रावण काढावा हे सुचत नाही. सुताराला जवळच्या रानातले लाकूड मिळते. त्याने त्याचा पाट करायचा की पाळणा, हे रान सांगत नाही.

गंजिफांची गोष्ट आणखी सरळ आहे. हा पत्त्यांचा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. मोगल खेळात आठ रंगांचे ९६ पत्ते असत. दशावतारी खेळात रंग दहा झाले, दर अवताराचा एक, आणि प्रत्येकात १२ पत्ते: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. एकूण १२०. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी हे गोल पत्ते रंगवले आणि त्यांवर लाखेचे रोगण चढवले. पहिलाच रंग मत्स्याचा. तिर्री असेल तर तीन मासे, सत्ती असेल तर सात. मालवणच्या लेखकाला इथे बांगडा आठवण्याचा मोह होतो, आणि काहींना तो आवरत नाही. मग दुसऱ्या रंगातली कासवे आणि सहाव्यातले परशू कुठल्या किनाऱ्यावरून आले? मासा इथे पुराणातून आला आहे आणि मोजण्यासाठी आला आहे. हातात पंख्यासारखे धरलेल्या पत्त्यांत एका नजरेत रंग आणि आकडा कळला पाहिजे, ही चिताऱ्यापुढची खरी अट. म्हणून प्रत्येक अवताराला पार्श्वभूमीचा वेगळा रंग आणि खूण म्हणून लहान, स्वच्छ, पुन्हा पुन्हा काढता येईल अशी आकृती. खेळाची सुरुवातही पुराणावर बेतलेली: दिवसा खेळ मांडला तर रामाच्या राजाने, रात्री मांडला तर कृष्णाच्या. राम भर दुपारी जन्मला आणि कृष्ण मध्यरात्री, हे ज्याला ठाऊक नाही त्याला या पत्त्यांतले फारसे काही कळणार नाही. समुद्र पाहिलेला नसला तरी त्याचे काही अडणार नाही.

छापील पत्ते स्वस्त झाले तशा गंजिफा मागे पडल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत ही विद्या जाणणारा जेमतेम एखादा वृद्ध चितारी उरला होता. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला, राजवाड्यात तरुण कारागीर बसवले आणि पत्ते पुन्हा रंगू लागले. सत्त्वशीलादेवी तर कोकणाबाहेरच्या, बडोद्याच्या घराण्यातून आलेल्या. निसर्ग तीनशे वर्षांपूर्वी होता तसाच होता, पाऊसही तेवढाच पडत होता. कला मात्र आश्रय आटल्याबरोबर मरणाला टेकली आणि आश्रय मिळाल्याबरोबर उठून बसली.

याच गावच्या चितारआळीत मिळणारी लाकडी फळे निसर्गाच्या बाजूने पुरावा म्हणून मांडली जातात. आंबा, केळे, फणस. हुबेहूब आणि चकचकीत. टोपली जरा उलथून पाहिली तर खाली सफरचंदही निघते. सफरचंद सावंतवाडीत पिकत नाही. ते गिऱ्हाईक मागते.

छापखाने, संस्थानी तसबिरी आणि मुंबईची कलाशाळा आल्यावर इथल्या चित्रकाराची वाट बदलली. कोलगावात १८६७ साली जन्मलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून प्रसिद्ध झाले, पण आधी ते मेयो पदक मिळवलेले चित्रकार होते. हैदराबादेत आणि लाहोरात त्यांनी पोट भरले ते व्यक्तिचित्रांवर. कोलगावचे रान विकत घेणारे गिऱ्हाईक लाहोरात नव्हते. स्वतःचा चेहरा विकत घेणारे होते. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर हेही चित्रकार आणि पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक. या घरात कला गावाकडून आली असे म्हणण्यापेक्षा बापाकडून मुलाकडे गेली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे उदाहरण सर्वांत बोलके. जन्म १८८२, सावंतवाडी. संस्थानाच्या मदतीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तिथल्या वास्तववादी शिक्षणात तयार झाले आणि १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढून त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. अंधाऱ्या दालनात ते पाहणाऱ्याला पहिला भास होतो तो चित्रामागे दिवा ठेवल्याचा. स्त्रीने एका हातात दिवा धरला आहे आणि दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा केला आहे. बोटांच्या कडांतून उजेड पाझरतो आणि तिथली कातडी आतून लालसर दिसते. चेहऱ्यावर उजेड खालून येतो. तैलरंगात असा उजेड शेवटी वरून लावता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नसते: सर्वांत उजळ जागा म्हणजे न रंगवलेला कागद, आणि तो कुठे राखायचा हे पहिला हात मारण्याआधीच ठरवावे लागते. एकदा काळवंडले की कागद परत मिळत नाही.

हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे. तरीही ते राजा रविवर्म्याचे म्हणून सर्रास सांगितले जाते, कॅलेंडरांवर आणि घरोघरच्या भिंतींवर त्याच नावाने लटकते. रविवर्मा १९०६ साली वारला. एवढी एक तारीख पाहिली असती तर चूक टळली असती. पण ज्या मुलखाविषयी लिहिताना फक्त समुद्र आणि माड आठवायची सवय लागली आहे, तिथल्या माणसाने बंद खोलीत, एका दिव्याच्या उजेडात असे चित्र केले असेल हे पटकन कुणाला सुचत नाही. ते मग ओळखीच्या मोठ्या नावाच्या खाती जाते. चित्रासाठी उभी राहिलेली हळदणकरांची मुलगी २०१८ पर्यंत हयात होती. दिवाळीत घरात दिवा घेऊन उभ्या असलेल्या मुलीवरून ते सुचले असे सांगितले जाते. ते जसेच्या तसे खरे मानले, तरी प्रेरणा घरातली आहे आणि तिला आकार देणारे शिक्षण कलाशाळेतले.

यावर निसर्गवाद्यांचे शेवटचे उत्तर असे की हळदणकरांनी निसर्गचित्रेही पुष्कळ केली. केली, आणि ती उत्तम आहेत. पण बाहेर बसून निसर्गचित्र करणे हा कलाशाळेत शिकवला जाणारा विषय होता. इंग्रजी जलरंगाच्या परंपरेने कागद, कुंचले, क्षितिज कुठे धरायचे आणि पुढचे झाड किती गडद करायचे हे सगळे आयते आणून दिले होते. त्याच शिक्षणाचा विद्यार्थी नाशिकच्या घाटावर बसला की नाशिक काढी आणि मालवणच्या धक्क्यावर बसला की मालवण. ‘आर्ट अँड इल्यूजन’ (१९६०) या ग्रंथात अर्न्स्ट गोम्ब्रिच यांनी च्यांग यी या चिनी चित्रकाराचे उदाहरण दिले आहे. त्याने इंग्लंडमधले डरवेंटवॉटर सरोवर काढले आणि ते चिनी निसर्गचित्र होऊन बसले. समोर इंग्रजी पाणी होते. हातात चिनी परंपरा होती. कोकणच्या किनाऱ्याची जलरंगचित्रे उलट बाजूने तेच सांगतात. आपला किनारा इतका ‘चित्रासारखा’ दिसतो, कारण तो ज्या चित्रांसारखा दिसतो ती चित्रे आपण आधी पाहिलेली असतात.

प्रभाकर कोलते यांचा जन्म १९४६ सालचा, नेरूरपारचा. कर्ली नदीच्या काठचे हे गाव. पाणी आणि झाडी यांची तिथे कमतरता नाही. जे. जे.मध्ये ते शंकर पळशीकरांचे विद्यार्थी झाले आणि पुढे तिथेच दीर्घकाळ शिक्षक होते. सुरुवातीच्या कामावर पॉल क्लेचा प्रभाव दिसतो. नंतर एकाच रंगाचे मोठे क्षेत्र आणि त्यातून वर येणारे किंवा त्याखाली दबलेले आकार, ही त्यांच्या चित्रांची ओळख झाली. त्या रंगक्षेत्रात कर्लीचे पाणी बघणारे परीक्षक भेटतात. हिरवे दिसले की भातशेती, करडे दिसले की पावसाळी मळब. या वाचनाला चुकीचे ठरवण्याची सोयच नाही, कारण कुठल्याही रंगाला कोकणात काहीतरी सापडतेच. जे विधान कोणत्याही चित्राला लागू पडते ते एकाही चित्राविषयी काही सांगत नाही. कोलते यांच्या मराठी पुस्तकाचे नाव ‘कलेपासून कलेकडे’ आहे. नेरूरपार या प्रवासाच्या दोन्ही टोकांना नाही.

एका गोष्टीत मात्र निसर्गाचा हात खरोखर दिसतो, आणि नेमकी तीच या गौरवपर लेखनात येत नाही. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे कागदाची काय कथा. गंजिफांचा कागद चिंचोक्याच्या खळीने आणि खडूच्या पुडीने घट्ट करून वर लाख चढवतात ती नुसत्या चमकेसाठी नाही. ओल आणि घामट हात यांपासून पत्ता वाचावा आणि एकावर एक सरकावा म्हणून. चित्रकथीच्या पोथीला वाळवी, कसर आणि बुरशी या तिन्हींशी सामना करावा लागतो. जुन्या पोथ्या थोड्या उरल्या आणि कला नकलेवर नक्कल करत पुढे गेली, यामागे हवेचा वाटा मोठा आहे. झिजलेले पान समोर ठेवून नवे काढताना रेषा तीच राहते आणि शैली टिकते. परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत घरच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या गोठ्यात बाहुल्या आणि पोथ्या मांडताना दर पावसाळ्यात पहिले काम असते ते पाने ओलीपासून जपण्याचे.